उठायची मुभा

रोखपालाला उठता येत नाही. बँकेत बाकी कुणीही फाइल शोधायच्या निमित्ताने चार पावलं टाकतं, फोनवर बोलत दारापर्यंत जाऊन येतं, शेजारच्या टेबलाशी उभं राहून सही घेतं. कॅश काउंटरवरच्या माणसापुढे मात्र ड्रॉवर असतो, ड्रॉवरमध्ये काही लाख असतात, आणि संध्याकाळी कॅश जुळली नाही तर तूट त्याच्याच खिशातून जाते. म्हणून तो बसून राहतो. सकाळी स्ट्राँगरूममधून कॅश काढून दिली की बसतो तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत, आणि जेवून आला की कॅश बंद होईपर्यंत. महिन्याचा पहिला आठवडा, बाजाराचा दिवस, कारखान्याने उसाची बिलं जमा केली की त्यानंतरचे दोन-तीन दिवस, या काळात तर लघवीला जाणंही तो पुढे ढकलतो. काउंटरवरच्या बायका त्यावर उपाय म्हणून पाणीच कमी पितात. हे मी ऐकीव सांगत नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका सहकारी बँकेची मी आज शाखाधिकारी आहे, पण त्याआधीची बरीच वर्षं मी कॅश केबिनमध्येच काढली आहेत.

कामात मध्ये मध्ये उठावं, दर अर्ध्या तासाने थोडं हलावं, हा सल्ला आता सगळीकडून येतो. मनगटावरचं घड्याळ थरथरून आठवण करतं, मोबाइलवर रील येतात, डॉक्टर सांगतात. सल्ला खरा आहे आणि मला तो मनापासून पटलेला आहे, म्हणून तर मी आमच्या शाखेत त्यासाठी खटपट करते आहे. पण ज्याचा वेळ त्याच्या स्वतःच्या हातात आहे अशाच माणसाशी हा सल्ला बोलतो. ज्याच्यापुढे पंधरा माणसांची रांग उभी आहे त्याच्या मनगटावर घड्याळ थरथरलं तर तो काय करेल? घड्याळाची ती सोय बंद करून टाकेल. आमच्या रोखपालाने तेच केलं. कंटाळा किंवा आळस हे त्याचं कारण नव्हतं. उठायचं तर कुणीतरी उठू द्यावं लागतं, आणि ते घड्याळाला जमत नाही.

कॅशचं बसणं कसं असतं ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. काचेच्या खालच्या फटीतून पैसे द्यायचे-घ्यायचे. मध्ये काच, समोरचं माणूस हळू बोलणारं, म्हणून प्रत्येक खातेदारापाशी एकदा पुढे वाकायचं. डावीकडे कॉम्प्युटर, उजवीकडे नोटा मोजायचं मशीन, त्यामुळे मान दिवसभर इकडून तिकडे. मशीनने मोजलं तरी मळक्या, चिकटपट्टी लावलेल्या नोटांचं बंडल हाताने पुन्हा पाहावंच लागतं. ओल्या स्पंजला बोट लावून अंगठ्याने नोट सरकवायची ती एकच हालचाल, शंभराच्या बंडलात शंभर वेळा. आणि पाय? काउंटरखाली चिल्लरच्या पिशव्या असतात. नाण्यांची पिशवी जड, ती रोज लांबून कोण उचलून आणणार, म्हणून ती पायाशीच ठेवलेली. परिणामी पाय पुढे पसरायला जागा नाही. ते मागे घेऊन खुर्चीच्या दांड्याभोवती अढी घालून ठेवायचे. दुपारी उठल्यावर पहिली काही पावलं सरळ पडत नाहीत ती यामुळे.

या कामाचं निदान तीनशे वर्षांपूर्वीच झालेलं आहे हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने कामकऱ्यांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. तो १७०० मध्ये छापला गेला आणि १७१३ मध्ये त्यात भर पडली. खाणीतले मजूर, कुंभार, परटिणी, शिंपी अशा अनेकांबद्दल त्याने लिहिलं, आणि कारकुनांबद्दलही. कारकुनाच्या दुखण्याची कारणं त्याने तीन दिली: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल, आणि वहीत चूक होऊन मालकाचं नुकसान होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. हे तिसरं कारण वाचून मी थांबले. बसण्याच्या दुष्परिणामांवर इतकं लिहिलं जातं, पण त्यात ही गोष्ट क्वचितच येते. रोखपाल नुसता बसलेला नसतो, तो आवळून बसलेला असतो. पाचशेच्या दोन नोटा चिकटून एक म्हणून गेल्या तर पाचशे रुपये घरच्या महिन्यातून जाणार, हे त्याच्या खांद्यांना ठाऊक असतं. रामाझिनीने बैठं काम करणाऱ्यांना निदान सुट्टीच्या दिवशी तरी शरीर हलवायला सांगितलं होतं. त्या काळी त्याहून जास्त सांगणं त्यालाही शक्य वाटलं नसावं.

आमचं बसणं असं आधीपासून नव्हतं. मी नोकरीला लागले तेव्हा लेजरं होती. खातेदाराने पैसे काढायची स्लिप दिली की त्याला पितळी टोकन मिळायचं, स्लिप लेजरच्या टेबलावर जायची, तिथला क्लार्क उठून रॅकमधून ते जाडजूड लेजर काढायचा, नोंद करायचा, मग स्लिप घेऊन साहेबांच्या टेबलाशी जायचा, साहेब सही पडताळून पास करायचे, आणि मग ती कॅशकडे यायची. महिनाअखेरीला बॅलन्सिंग करताना आम्ही एकेका लेजरपाशी उभ्याने आकडे वाचून दाखवायचो. त्या पद्धतीचं कौतुक करायचं मला कारण नाही. दोनशे रुपये काढायला म्हाताऱ्या माणसाला तास तास ताटकळावं लागायचं. कॉम्प्युटर आले, सगळ्या शाखा एकमेकींना जोडल्या गेल्या, आणि खातेदाराचं काम मिनिटांवर आलं ही फार चांगली गोष्ट झाली. पण त्या सगळ्या येरझाऱ्या आमच्या कामातून निघून गेल्या. हल्ली प्रत्येकाजवळ प्रिंटर आहे, इंटरकॉम आहे, आणि चहा शिपाईमामा टेबलावर आणून देतात. चालणं हे त्या वेळी कामाचाच भाग होतं, म्हणून त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. ते कामातून गेलं आणि आता तेच परत आणायला ‘ब्रेक’ मागावा लागतो.

एकाच ठिकाणी काम करणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला काम हलवतं आणि दुसऱ्याला बसवून ठेवतं, तेव्हा काय होतं हे लंडनच्या दुमजली बसमध्ये दिसलं होतं. जेरी मॉरिस हे ब्रिटिश वैद्यकीय संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या वाहतूक खात्यातल्या सुमारे ३१,००० पुरुष कर्मचाऱ्यांच्या आजारांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. बस तीच, रस्ते तेच. चालक आपल्या पाळीचा बहुतेक वेळ बसून असायचा, तर वाहक तिकिटं फाडत वर-खाली करायचा, दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. हृदयविकार चालकांमध्ये जास्त आढळला, वाहकांमध्ये कमी, आणि वाहकांना झाला तरी तो उशिरा आणि सौम्य. मॉरिस यांनी टपाल खात्यातही पाहिलं. घरोघरी पत्रं वाटणारा पोस्टमन आणि खिडकीमागे बसणारा कर्मचारी यांच्यातही तसाच फरक निघाला. पुढे या अभ्यासावर शंका घेतल्या गेल्या. चालक मुळातच अंगाने जाड असायचे, त्यांना मिळणाऱ्या गणवेशाच्या पँटचं मापसुद्धा मोठं असायचं. मॉरिस यांनी स्वतःच ती मापं काढून तपासली. तरीही बारीक चालक आणि बारीक वाहक यांच्यात फरक राहिलाच. मला या अभ्यासात भावतं ते हे, की त्या वाहकांपैकी कुणीही व्यायाम करायचा म्हणून जिना चढत नव्हता.

मग दोन-तीन मिनिटांनी काय फरक पडतो, असं मला आमच्या एका संचालकांनी विचारलं. रास्त प्रश्न आहे. माणूस बसून राहिला की पायांतलं रक्त वर चढवायचं काम मंदावतं. पोटरीचे स्नायू आवळले की त्यांच्यामधल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त हृदयाकडे ढकललं जातं. शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. पोटरी हललीच नाही तर घोट्यांवर सूज येते, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो. पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्यांना तर स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नाहीच. भार पडणं आणि सुटणं या क्रियेतूनच त्यांना पोषण मिळतं, त्यामुळे एकाच स्थितीत राहणं हेच त्यांना सगळ्यात वाईट. आणि साखर. जेवणानंतर रक्तात आलेली साखर स्नायूंत शिरायला एरवी इन्सुलिन लागतं, पण स्नायू हलत असेल तर तो इन्सुलिनची फारशी वाट न पाहताही साखर आत घेतो. मेलबर्नमध्ये डेव्हिड डन्स्टन यांच्या गटाने वजन जास्त असलेल्या मध्यमवयीन लोकांना एके दिवशी सलग बसवलं आणि दुसऱ्या दिवशी दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं सावकाश चालवलं. चालण्याच्या दिवशी जेवणानंतरची साखरेची चढण सुमारे एक चतुर्थांशाने उतरली. हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. पुढे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वेगवेगळी प्रमाणं ताडून पाहिली. त्यात साखरेला दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं चालणं सगळ्यात चांगलं लागू पडलं, रक्तदाब मात्र त्याहून कमी चालण्यानेही उतरला. त्यात माणसं अकराच होती, त्यामुळे ‘पाच मिनिटं’ हा आकडा मी कुणाला छातीठोकपणे सांगणार नाही. दिशा मात्र सगळ्यांची एकच आहे.

हे आमच्यासाठी लांबचं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये जो अंदाज आला, त्यानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. आमच्या शाखेत दुपारच्या डब्यांबरोबर गोळ्यांची पाकिटंही निघतात. भात, चपाती, बटाट्याची भाजी खाऊन माणसं अडीच वाजता परत खुर्चीत बसतात आणि तीन-सव्वातीनला डोळे जड होतात. कॅशचा घोळ व्हायची वेळही साधारण तीच.

एक गोष्ट मी सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगितली: हे सकाळच्या फिरण्याऐवजी नाही. दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवर आधारलेलं एक मोठं विश्लेषण २०१६ मध्ये आलं. दिवसाला साठ ते पंचाहत्तर मिनिटं बऱ्यापैकी व्यायाम करणाऱ्यांमध्ये जास्त बसण्याचा धोका जवळपास पुसला जातो, असं त्यातून दिसलं. पण सकाळी उठून दोन वेळचा डबा करणाऱ्या, सासूबाईंचं औषधपाणी बघून साडेनऊच्या एसटीने येणाऱ्या बाईला तो सवा तास कुठून मिळायचा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या सूचनांमध्ये थोडीशी हालचालही काहीच नसण्यापेक्षा बरी, असं स्पष्ट लिहिलं आहे. मी तेवढ्यावर भिस्त ठेवली.

आता आमची व्यवस्था सांगते, कारण खरी गोम तिथे आहे. रोखपालाच्या जागी दुसऱ्याला बसवायचं नाही हे आधीच ठरवलं. एका ड्रॉवरमध्ये दोघांचे हात गेले की संध्याकाळी तूट कुणाची, हा वाद कधी मिटत नाही. म्हणून पद्धत अशी: हातातल्या खातेदाराचं काम पूर्ण करायचं, ड्रॉवरला कुलूप लावायचं, किल्ली खिशात, कॉम्प्युटर लॉक, केबिनचं दार ओढून घ्यायचं, काउंटरवर पाटी ठेवायची. पाटीवर ‘तीन मिनिटांत काउंटर सुरू होईल’ एवढंच. दोन काउंटर चालू असतील तर आळीपाळीने. आणि त्या तीन मिनिटांत क्लिअरिंगचा, म्हणजे चेक वटवण्याचं काम बघणारा, क्लार्क रांगेपाशी जाऊन लोकांच्या स्लिपा बघतो. भरणा स्लिपवर नोटांचा तपशील लिहिला आहे का, सही राहिली आहे का, अंगठा असेल तर साक्षीदार आहे का. एरवी या गोष्टी खिडकीशी गेल्यावर कळतात आणि माणसाला परत मागे जावं लागतं. आता रोखपाल परत येतो तेव्हा पुढच्या चार-पाच स्लिपा बिनचूक असतात आणि रांग भराभर सरकते.

रोखपाल उठून करतो काय? हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं काही वेळा, भिंतीला हात टेकून टाचा वर-खाली, खांदे मागे फिरवणं, मनगटं आणि बोटं ताणून सैल सोडणं, आणि मागच्या दारापर्यंत चालत जाऊन बाहेर डोंगराकडे पाहणं. शेवटचं डोळ्यांसाठी. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात आणि नजर एकाच अंतरावर अडकते. ती लांब टाकली की डोळ्यांतल्या स्नायूंना सैल होता येतं. घामाचा प्रश्न नाही, कपडे बदलायचा प्रश्न नाही.

पुरुष पटकन तयार झाले. बायका नाही झाल्या, आणि त्यांनी कारणही सांगितलं नाही. त्या पाटी ठेवायच्या, ड्रॉवर लावायच्या आणि तिथेच बसून राहायच्या. मला ते कळायला वेळ लागला नाही. समोर काच, काचेपलीकडे वीस पुरुष, आणि अशात साडी नेसलेल्या बाईने हात डोक्यावर नेऊन ताणायचे, कमरेत वळायचं? आमच्या गावात नाही जमणार. आजवर जेवढी व्यायामाची चित्रं मी पाहिली त्यातली माणसं मोकळ्या खोलीत, पँट-टी-शर्टमध्ये असतात. आम्ही रेकॉर्ड रूमची एक बाजू मोकळी केली. जुन्या व्हाउचरचे गठ्ठे वर चढवले, एक ट्यूब बसवली, आतून कडी लावली. तिथे दोघीजणी मिळून जातात. आधी नुसतेच खांदे फिरवायच्या, आता तिथे पदर खोचून चांगल्या वाकतात.

खातेदारांचा राग यायचाच होता. एक निवृत्त गुरुजी पेन्शनच्या दिवशी सरळ माझ्या टेबलाशी आले.

“मॅडम, आम्ही इथे पाऊण तास उभे आहोत आणि तुमचा माणूस आत फेऱ्या मारतोय?”

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्याने जरूर उठावं. पण मग आम्ही बसावं की नाही?”

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. आम्ही आत बसून बसून दुखत होतो, ते बाहेर उभं राहून राहून. सतत उभं राहणंही शरीराला तितकंच जड जातं. पायांच्या शिरा फुगतात, कंबर धरते. म्हणूनच उभ्याने काम करायच्या महागड्या टेबलांवर माझा विश्वास नाही. शरीराला हवी असते ती बदलती स्थिती. १९४८ च्या कारखाना कायद्यातही हे होतं. उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना कामाच्या ओघात सवड मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून सोय करावी, असं त्याचं ४४ वं कलम सांगत होतं. दुकानातल्या मुलींना मात्र हे मिळायला फार वर्षं गेली. कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या विक्रेत्या बायका दिवसभर उभ्या असायच्या, गिऱ्हाईक नसतानाही बसायची बंदी. त्यांनी संघटित होऊन झगडा केला, तेव्हा २०१८ मध्ये केरळने आपल्या दुकाने कायद्यात बसण्याचा हक्क घातला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तेच केलं. आमच्या शाखेत जागा बेताचीच, तरी आम्ही भिंतीलगत दोन लांब बाक टाकले आणि टोकन पुन्हा सुरू केलं, या वेळी कागदी. रांगेऐवजी नंबर पुकारला जातो. आता पाटी लागली तरी कुणी फारसं कुरकुरत नाही, कारण ते बसलेले असतात.

गुरुजींनी त्या दिवशी जाता जाता आणखी एक सांगितलं. म्हणाले, “आमच्या शाळेत तास संपला की घंटा व्हायची. पोरं हलायची, मास्तर एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जायचा. कुणाला विचारावं लागत नव्हतं. तुमच्याकडे घंटाच नाही.”

माझ्या डोक्यात जे इतके दिवस घोळत होतं ते त्यांनी नेमकं पकडलं. घंटा झाली की उठणारा माणूस कामचुकार ठरत नाही. घंटा नसेल तर जो उठतो त्याच्याकडे सगळे बघतात. आणि या घंटेसाठी आपल्याच मुंबईत माणसं लढलेली आहेत. नारायण मेघाजी लोखंडे सत्यशोधक होते, ‘दीनबंधु’चे संपादक होते, आणि स्वतः गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना माहीत आहे, ती १० जून १८९० रोजी मान्य झाली. पण त्याच निवेदनात दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी ही मागणीही होती. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात दुपारचा अर्धा तास आला. आज आपण डबा उघडतो तो अर्धा तास आपल्याला कुणी सहज म्हणून दिलेला नाही. पुढे १९४८ च्या कायद्याने सलग पाच तासांपेक्षा जास्त काम अर्ध्या तासाच्या सुट्टीशिवाय घेऊ नये असं ठरवलं. मी जेव्हा तीन मिनिटांची पाटी ठेवायला सांगते तेव्हा माझ्या मनात लोखंडे असतात, हे मी आमच्या लोकांना सांगितलेलं आहे. एका तरुण क्लार्कला लोखंडे ठाऊक नव्हते. त्याला मी त्यांचं चरित्र वाचायला दिलं.

जपानमध्ये १९२८ पासून रेडिओवर कवायत लागते. युद्धानंतर काही काळ ती बंद होती, १९५१ मध्ये पुन्हा सुरू झाली. पियानोच्या तालावर तीनेक मिनिटं, आणि कित्येक कारखान्यांत, बांधकामांच्या जागी लोक काम सुरू करण्याआधी ती एकत्र करतात. आपल्याकडे आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये कार्यालयांसाठी पाच मिनिटांच्या योगाचा कार्यक्रम आणला. त्यात ताडासन, खांद्यांचं चक्र, अर्धचक्रासन, भ्रामरी वगैरे आहे. कार्यक्रम चांगला आहे. मी तो पाहून आमच्यासाठी काही गोष्टी घेतल्या. फक्त पाच मिनिटं सगळ्यांनी एकाच वेळी उठणं खिडकीच्या कामात बसत नाही. आम्हाला आळीपाळीची घंटा हवी होती. ती आता आहे. शिपाईमामा साडेअकराला आणि सव्वातीनला टेबलावरची घंटी वाजवतात, आणि पहिल्या काउंटरपासून सुरुवात होते. मामांना हे काम मी मुद्दाम दिलं. ते दिवसभर हिंडतात, त्यांची तब्येत आम्हा सगळ्यांपेक्षा ठणठणीत आहे, आणि त्यांचं ऐकायला कुणालाच संकोच वाटत नाही. मी स्वतः घंटी वाजवली असती तर तो साहेबांचा हुकूम झाला असता.

हे लिहिताना सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायका माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. माझी मावशी तिथे राहते, तिच्या गल्लीत घराघरांत सुपं मांडलेली असतात. मांडी घालून, पाठ वाकवून, मांडीवर सूप, पानं कापायची, तंबाखू भरायचा, वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांमागे. तिथे ‘दर अर्ध्या तासाने उठा’ म्हणजे काय? उठलं की तेवढ्या विड्या कमी आणि तेवढे पैसे कमी. आम्ही पगारी माणसं, आमची तीन मिनिटं बँक सोसते. त्या बाईची तीन मिनिटं तिला स्वतःला सोसावी लागतात. नगावर मजुरी ठरते तिथे विश्रांतीचा वेळ दरात धरला गेला नाही, तर आरोग्याचा सल्ला तिच्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. घरी बसून शिलाई करणाऱ्या बायकांचंही तेच. याचं उत्तर कुठल्या व्यायामात नाही, मजुरीच्या दरात आहे, आणि आरोग्यावर लिहिणाऱ्यांनी ते तितक्याच ठामपणे लिहावं असं मला वाटतं.

आमच्याकडे काय बदललं? रोखपालाची कंबर अजून दुखते, बऱ्याच वर्षांचं दुखणं एवढ्यात कसं जाईल. चिल्लरच्या पिशव्या काउंटरखालून काढून मागच्या कपाटात गेल्या, त्यामुळे पाय पसरता येतात. हे मी आधीच्या कुठल्याही व्यायामाइतकंच महत्त्वाचं धरते. तीन वाजताची मरगळ कमी झाली असं सगळेच म्हणतात. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच: दुसऱ्या काउंटरवरची मुलगी आता पाण्याची बाटली घेऊन बसते आणि ती दुपारपर्यंत संपवते. आधी तिच्याकडे बाटलीच नसायची.

मुख्य कार्यालयाला मी पत्र दिलं आहे. सगळ्या शाखांत ही पद्धत लेखी असावी, शाखाधिकारी बदलला म्हणून ती बंद पडू नये, आणि नव्या काउंटरच्या नकाशात पायांना जागा सोडावी, अशा मागण्या त्यात आहेत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यासाठी शेजारच्या शाखेतून एक जादा रोखपाल द्यावा अशीही एक आहे. पत्र पोचल्याची पोच आली आहे, उत्तर यायचं आहे. तोवर त्या आठवड्यात सकाळची घंटी होते, दुपारची होत नाही. गर्दीच तेवढी असते. त्या दिवसांत काउंटरवरची माणसं बसल्या बसल्या काउंटरखाली टाचा उचलत राहतात आणि मी जादा माणसासाठी दर सोमवारी फोन करते.